पन्नास रुपयांच्या भाजीवर वाघ, पन्नास हजारांच्या रोखीवर शेळी

खारबाव नाक्यावर सध्या रोज दोन भांडणं ऐकू येतात. एक रस्त्यातल्या खड्ड्यांवरून आणि दुसरं स्कॅनरवरून. खड्ड्यांवर लिहून बोटं झिजली, चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता काही कुणाचं ऐकत नाही. म्हणून आज दुसऱ्या भांडणावर लिहितोय. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा आणि मगच खाली भांडा.

भांडण कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक अर्धा किलो भेंडी घेतं, वर कोथिंबिरीची काडी मागून घेतं, पिशवीत टाकतं आणि मग मोबाईल काढतं. मावशी म्हणते, "रोख दे रं बाबा, स्कॅनर नाय." झालं! गिऱ्हाईकाचा पारा चढतो. "कुठल्या जमान्यात राहता?" "टॅक्स चुकवायला हे धंदे." "ठेवा तुमची भाजी तुमच्याकडेच." काहीजण तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात, वर 'डिजिटल इंडियाला विरोध' असं लिहून. खाली पन्नासजण टाळ्या वाजवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. राग बरोबर असेल, पण माणूस चुकतोय. रोख मागणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत. कोण मागतो, किती मागतो आणि का मागतो, हे बघितल्याशिवाय तोंड उघडू नका.

आधी कायदा बघू, कारण "हे बेकायदेशीर आहे" असं ठोकून देणारे ग्रुपवर बरेच आहेत. छोट्या दुकानदाराने यूपीआय घेतलंच पाहिजे असा कायदा नाही. आयकर कायद्यात डिजिटल पैसे घेण्याची सोय ठेवण्याची सक्ती आहे, पण ती वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या वर असलेल्या धंद्यांना. आपल्या नाक्यावरच्या टपरीची उलाढाल पन्नास कोटी असती तर तो टपरीवर कशाला बसला असता? तेव्हा मावशीने नाही म्हटलं तर ती गुन्हा करत नाही. तिचा तो हक्क आहे.

आता मावशी नाही का म्हणते ते ऐका. टोपलीवर चिकटवलेला स्कॅनर बहुतेक वेळा पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचा असतो. दिवसभर उन्हात बसते ती, पैसे जमा होतात दुसऱ्याच्या खात्यात. संध्याकाळी स्वतःच्याच कमाईचे पैसे तिला मागून घ्यावे लागतात. पोरगा चांगला असला तर देतो, नसला तर मोबाईलचा हप्ता भरून मोकळा होतो. रोख पैसा तिच्या कनवटीला असतो, त्याला कुणाचा पासवर्ड लागत नाही. पहाटे माल उचलताना व्यापाऱ्यालाही तिला रोखच द्यायची असते. अशा बाईला 'मागासलेली' म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात बघावं, आईच्या नावाचं खातं कोणाच्या मोबाईलमध्ये चालतं ते.

दुसरा आहे किराणावाला, चहावाला, बेकरीवाला. त्याच्या पोटात नोटिशीची भीती आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत काय झालं ते आठवा. कर्नाटकच्या व्यावसायिक कर खात्याने यूपीआयवरच्या जमा रकमा बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. रातोरात दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी देशभर फिरली, कारण चार वर्षांत त्याच्या खात्यावर १.६३ कोटी जमा झाले होते. घरच्यांनी पाठवलेले आणि उसने घेतलेले पैसेसुद्धा विक्रीत मोजले, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. २५ जुलैला बंद पुकारला गेला. त्याआधी २३ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बैठक घेतली आणि भाजी, दूध अशा करमुक्त मालाच्या विक्रेत्यांकडून मागचा कर वसूल करणार नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं.

ही बातमी आपल्याकडे पोचली ती अर्धी. म्हणून किराणावाल्या भाऊंसाठी उरलेली अर्धी सांगतो. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर. म्हणजे रोज सरासरी अकरा हजारांच्या आसपास विक्री. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. फक्त ताजी भाजी, सुटं दूध असा करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणीच लागत नाही. मर्यादा ओलांडली तरी १.५ कोटींपर्यंत कंपोझिशन योजना आहे, त्यात व्यापाऱ्याला एक टक्का कर. आणि मुख्य गोष्ट अशी की गल्ल्यात पडलेली रोखसुद्धा विक्रीच असते. स्कॅनर काढल्याने कर कमी होत नाही, फक्त दिसेनासा होतो. ज्याची विक्री मर्यादेच्या आत आहे त्याने घाबरून गिऱ्हाईक घालवू नये. ज्याची मर्यादेबाहेर आहे त्याने "आम्ही गरीब माणसं" हे गाणं बंद करावं.

तिसरी भीती सगळ्यात खरी, आणि तिच्यावर आपण कधी बोलत नाही. कुठल्यातरी राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते. तो १९३० ला फोन करतो, पोलीस पैशाचा माग काढतात. चोराने त्यातले तीनशे रुपये वाटेत पेट्रोलला किंवा वडापावला दिलेले असतात. मग त्या पंपाचं नाहीतर वडापाववाल्याचं खातंच गोठतं. तीनशे रुपयांसाठी लाखभर अडकतात, आणि सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याला पत्रं लिहीत बसायचं. याच कारणाने मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पेट्रोलपंप चालकांच्या संघटनेने १० तारखेपासून डिजिटल पैसे घेणार नाही असं जाहीर केलं होतं. वादातली रक्कम तेवढी अडवा, अख्खं खातं नको, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं होतं. साधी, न्यायाची गोष्ट आहे. पण खात्यावर कुलूप घालणं सोपं, आणि ज्याचं खातं त्याची पळापळ.

त्यात आपली पोरं. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीन दाखवणारी ॲप वापरून वडापाव, सिगारेट, रिचार्ज उचलणारी. ही पोरं परग्रहावरून आलेली नाहीत, आपल्याच आळीतली आहेत. त्यांच्यामुळे दुकानदाराला महिना भाडं भरून बोलणारा डबा ठेवावा लागतो. नेट गेलं की तो डबाही मुका. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला तर देशभर यूपीआय अडखळलं होतं. त्या दिवशी 'कॅशलेस' म्हणून मिरवणारे खिशात दहाची नोट शोधत होते.

आता येतो मूळ मुद्द्याकडे.

मावशीवर ओरडणारा हाच माणूस पोराच्या क्लासची फी भरायला जातो. चाळीस हजार, रोख. पावती? "पुढच्या आठवड्यात घ्या." गप. दवाखान्यात जातो. काउंटरवर पाटी, 'फक्त रोख'. हातात बिल म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर आकडा. गप. हॉल बुक करतो, निम्मे रोख. बांधकामाचा माल घेतो, "बिल पाहिजे तर भाव वेगळा." गप. खोली भाड्याने घेतो, डिपॉझिट पन्नास हजार रोख, कागद नाही. गप. जागेच्या सौद्यात पांढरे किती आणि काळे किती हे तर आपण चहा पिता पिता ठरवतो, वर "व्यवहार असाच असतो" म्हणतो.

इथे कुणी व्हिडिओ काढत नाही. 'डिजिटल इंडिया' इथे कुणाला आठवत नाही. पन्नास रुपयांच्या भाजीवर आपण वाघ होतो आणि पन्नास हजारांच्या रोखीवर शेळी.

आणि कायदा आहे तो नेमका इथेच आहे, हे लक्षात घ्या. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड लागतो तो घेणाऱ्याला. जागेच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणंही मना आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. म्हणजे जिथे आपल्या हातात खरंच हत्यार आहे तिथे आपण हात खिशात घालून उभे, आणि जिथे नाही तिथे तोंड सुटलेलं.

याची झळ कुणाला बसते? काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या पोरापोरींना. पगार बँकेत येतो. घरमालक रोख मागतो, खानावळवाला रोख मागतो. एटीएममध्ये पैसे असतील तर नशीब, आणि मोफत वेळा संपल्या की १ मे २०२५ पासून एका वेळेला २३ रुपयांपर्यंत शुल्क, कर वेगळा. मग ते जातात 'यूपीआय करा, कॅश घ्या' वाल्याकडे. तो हजारामागे दहा-वीस रुपये कापतो. गंमत बघा, याच माणसाला सामानासाठी स्कॅनर चालत नाही, कमिशनसाठी मात्र पळतो! घाम गाळून मिळवलेला पगार हातात घ्यायला पोरांनी पैसे मोजायचे. संताप करायचा तर यावर करा.

दुकानदारांनाही चार शब्द. रोखच घ्यायची तर घ्या, पण पाटी आधी लावा, मोठ्या अक्षरात, दारावर. माल तोलून, बांधून, गिऱ्हाईकाच्या हातात दिल्यावर "स्कॅनर बंद आहे" म्हणायचं हा अडवण्याचा प्रकार झाला. दुसरं, "जीपे केलं तर दोन रुपये जास्त" हे बंद करा. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराला १ जानेवारी २०२० पासून व्यवहार शुल्क शून्य आहे. उलट छोट्या दुकानांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ ला १,५०० कोटींची योजना मंजूर केली होती. तिसरं, रोख मागता तर सुट्टे तुमच्याकडे असले पाहिजेत. तीन रुपयांच्या जागी चॉकलेट हे चलन नाही. दहाचं नाणं मात्र चलन आहे, चौदाच्या चौदा प्रकारची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय. स्कॅनर नको, दहाचं नाणं नको, पाचशेची नोट नको, मग गिऱ्हाईकाने काय तांदूळ आणून द्यायचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. हे काही मागे फिरणार नाही, फिरूही नये. पण पुढे जाताना टोपलीवालीला तुडवून जायचं कारण नाही.

आपल्या गावापुरतं होण्यासारखं सांगतो. पुढच्या ग्रामसभेत दोन विषय घ्यायला लावू. एक, बँकेच्या माणसांना बोलावून विकणाऱ्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि स्वतःच्या नावाचा स्कॅनर काढून देण्याचं शिबिर. बचत गट मदतीला येतील. दोन, पगाराच्या आठवड्यात एटीएममध्ये पैसे राहतील याची लेखी मागणी. तोवर खिशात दोन-तीनशे रुपये सुट्टे ठेवा, वजन होत नाही. आणि मावशीला आधी विचारा, "स्कॅनर आहे का?" मग भेंडी तोलायला सांगा.

सहमत नसाल तर खाली जरूर लिहा, शिव्या सोडून काहीही चालेल. फक्त लिहिताना एवढं सांगा, शेवटची मोठी रोख रक्कम तुम्ही कुठल्या धंद्यात दिली आणि पावती मागितली होती का? नाव नको, धंदा सांगा. यादी आपोआप तयार होईल, मग बघू गावात स्कॅनरला खरं कोण घाबरतंय ते.