आधी कारण, मग पान्हा

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्स्यांमधून कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी निवृत्त झाली. पण हौशी मंडळींनी जपलेल्या पद्मिनी अजूनही दृष्टीस पडतात. त्यांतली एखादी काळा धूर ओकू लागली, तिचे प्लग काजळले, की लगेच निदान होते : "कार्ब्युरेटर बदला!" ही घाई मला मुळीच मान्य नाही. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडते आहे किंवा पेट्रोल जास्त येते आहे, एवढाच या दुखण्याचा अर्थ. तेव्हा एअर फिल्टर तुंबला आहे काय, ओढलेला चोक परत पूर्ण जागेवर जातो काय, हे प्रथम पाहावे. मग फ्लोटची पातळी व निडल व्हॉल्व्ह तपासावा. जेटमध्ये तार खुपसणे हा तर शुद्ध अविचार. पितळेचे भोक मोठे होते नि दुखणे कायमचे जडते. शिवाय मूळचा कार्ब्युरेटर एकदा भंगारात गेला, की तसाच पुन्हा मिळेल याची खात्री नाही. जुनी गाडी खरोखर जपायची असेल, तर आधी कारण शोधावे आणि मगच पान्हा उचलावा.