काळ्या बेल्टची पावती

मुलाला कराटेचा काळा बेल्ट मिळाला की चौकात फ्लेक्स लागतो. गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या धानोऱ्यालाही हे आता नवं नाही. पोरगं शिकतंय, मोबाइल सोडून अंगणात घाम गाळतंय, याचा आनंद मलाही आहे. माझं भांडण कराटेशी नाही, पावतीशी आहे.

दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा. परीक्षेची फी, बेल्टचे पैसे वेगळे, प्रमाणपत्राचे वेगळे. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. माझ्या भाचीने दोन वर्षांत चार रंग पार केले. ती एकदाही नापास झाली नाही. तिच्या वर्गातलं कोणीच झालं नाही. ज्या परीक्षेत फी भरणारा प्रत्येक जण पास होतो, तिला परीक्षा म्हणायचं की हप्ता? आणि आमच्याकडे हा हप्ता कुठून जातो, तर धान विकून किंवा तेंदूच्या हंगामात हाती आलेल्या रोकडीतून.

बेल्ट ही हजारो वर्षांची पूर्वेकडची परंपरा आहे, असं क्लासमध्ये सांगतात. तसं नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी दिली. ही श्रेणीची कल्पना त्यांनी ‘गो’ या पटावरच्या खेळातून उचलली होती. कराटेत ती आणखी उशिरा आली. गिचिन फुनाकोशी यांनी पहिले काळे बेल्ट दिले ते १९२४ साली. त्याआधी ओकिनावात लोक बेल्टशिवायच शिकत होते. आणि हे सगळे मधले रंग? ते रुळले युरोपात, १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशींच्या वर्गांतून. शिकणाऱ्याला मधेमधे काही हाती लागलं की तो टिकतो, एवढा साधा हिशेब. हिशेब वाईट नाही. पण त्याला ‘प्राचीन’ म्हणून विकू नये.

आपल्याकडे आखाड्यातही पायऱ्या होत्याच. दंगलीत सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग इनाम वाढत जातं आणि शेवटी एक नंबरची कुस्ती. कोण कुठल्या पायरीवर आहे हे पंच जोड लावताना ठरवतात आणि पुढच्या काही मिनिटांत सगळं गाव तपासून बघतं. पाठ मातीला लागली की लागली, तिथे प्रमाणपत्र चालत नाही. या मातीत आमचाही वाटा आहे, हे आवर्जून सांगतो. ‘वस्ताद’ हा फारसी उस्ताद आणि ‘तालीम’ हा शब्द अरबी. मोहरमच्या मिरवणुकीत लाठी-काठी फिरवणाऱ्या आखाड्यांत हिंदू पोरंही असायची.

म्हणून जुनं सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. या तालमींनी मुलींना उंबरठ्याच्या बाहेर ठेवलं. कराटेने त्यांना आत घेतलं, आणि बेल्टच्या रंगांनी आई-बापाला दिसेल अशी एक वाट दिली. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षा प्रशिक्षणाची योजना आहे, तिथेही कराटे शिकवतात. आमच्यातल्या काही बुजुर्गांना मुलीने मैदानात उतरणं खटकतं. त्यांना एवढंच आठवून द्यावंसं वाटतं की हजरत पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आहे. आधी त्या जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर (स.). म्हणजे त्या घरातल्या शर्यतीतही कोणीतरी हरत होतं. (वर्गात शिरताना वाकून अभिवादन करावं की नाही, यावर आमच्याकडे तासभर वाद होतो. पावतीवर कोणी बोलत नाही.)

खरा घात पुढे आहे. ‘बेल्ट असला की पोलीस भरतीत फायदा होतो’ असं पालकांना सांगितलं जातं. आमच्या भागात पोलीस भरती म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं-पोरी बघा. त्या भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. बेल्टचा रंग तिथे कोणी विचारत नाही. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. खासगी क्लासने छापलेलं बेल्टचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. हे ज्या बापाला बारावीनंतर कळतं, त्याने तोवर किती हंगाम मोजलेले असतात!

आपल्या मदरशांच्या जुन्या परंपरेत ‘इजाजत’ नावाची गोष्ट होती. अमुक उस्तादाने अमुक शागिर्दाला अमुक किताब पुढे शिकवायची परवानगी दिली. सनदेवर उस्तादाचं नाव, त्याच्या उस्तादाचं नाव, अशी साखळी. शागिर्द कच्चा निघाला तर बट्टा उस्तादाच्या नावाला लागायचा. बेल्टच्या प्रमाणपत्रावर आज बहुतेकदा एखाद्या ‘आंतरराष्ट्रीय’ संघटनेचा शिक्का असतो. पोराला रोज शिकवणारा मास्तर त्यात कुठेच नसतो, मग कच्च्या पोराची शरम कोणाला वाटणार?

म्हणून पालकांनी फी भरण्याआधी विचारावं: परीक्षा कोण घेणार, मागच्या वेळी किती जणांना थांबवलं, आणि थांबवलेल्याला पुन्हा फी पडते का. मास्तरांनी पोट कसं भरायचं, असं कोणी म्हणेल. महिन्याची फी वाढवा, शिकवण्याचे पैसे घ्या, त्यात लाज कसली? फक्त पास करण्याचे घेऊ नका. आणि दंगल भरते त्याच मैदानात वर्षातून एकदा बेल्टची परीक्षाही घ्या. आई-बाप समोर बसतील, दुसऱ्या गावचा एखादा मास्तर पंच म्हणून येईल, आणि ज्या पोरीला त्या दिवशी बेल्ट मिळणार नाही तिला कुठे कमी पडली ते तिथेच दाखवता येईल.