घड्याळावर चालायची रानवाट

सातारा जिल्ह्यातला वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आहे आणि त्याच्याकडे जाणारी वाट जवळजवळ सगळीच दाट जंगलातून जाते. कास पठार ओलांडून बामणोलीला उतरायचे, लाँचने शिवसागर जलाशयापलीकडे मेट इंदवलीला जायचे आणि वनखात्याच्या चौकीवर नोंद करून चालायला लागायचे. कोयना धरणात पाणी साठल्यावर या खोऱ्यातली गावे उठली. त्यामुळे वाटेवर टपरी नाही, की वाट विचारायला माणूस नाही. अभयारण्य १९८५ चे. २०१० मध्ये ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो आणि गडावर मुक्कामाला परवानगी नाही.

या मुक्कामबंदीने सगळा हिशेब ठरतो. गडाची उंची ११७१ मीटर, धरण भरलेले असताना पाण्याची पातळी सुमारे ६५९ मीटर. म्हणजे चढ पाचशे मीटरच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो, पण मुळांवरून, सुट्या धोंड्यांवरून आणि पाचोळ्यावरून चढताना सराव असलेल्यालाही दोन-अडीच तास लागतात. उतरायला फार कमी वेळ लागेल हा भ्रम आहे, कारण गुडघे बोलायला लागतात ते उतारावरच. दाट झाडीत उजेड बाहेरच्यापेक्षा बराच लवकर सरतो आणि लाँचही ताटकळत थांबत नाही. म्हणून दुपारी एकपर्यंत माथा आला नाही तर आहे तिथून मागे फिरावे. एवढा नियम पाळला तरी निम्मी संकटे टळतात.

चौकीनंतर थोड्याच अंतरावर ओढा आणि मारुतीचे उघडे ठाणे लागते. पाणी भरून घ्यायची खात्रीची जागा हीच. हिवाळा सरला की वरच्या टाक्यांचा भरवसा धरता येत नाही, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी जास्त नाही. पुढे चढ सुरू होतो आणि जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या सावलीत आकाश दिसेनासे होते. बऱ्याच वर एक फाटा फुटतो: एक वाट गडावर, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. दोन्ही एका दिवसात करता येतात, पण पहाटे निघालेल्यांनाच.

चुकायला होते ते अशा फाट्यापेक्षा गव्यांनी पाडलेल्या वाटांवर. त्या चांगल्या मळलेल्या असतात, मग एकाएकी कारवीत विरून जातात. माणसांच्या वाटेवर पावलांनी झिजलेले दगड दिसतात, कुणी रचून ठेवलेली लगोरी दिसते. गव्याच्या वाटेवर फक्त खुरांचे ठसे आणि शेण. खुणा संपल्या की शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे यावे. ओढ्याच्या कडेने उतरत गेले की गाव लागते, हा सपाटीवरचा शहाणपणा इथे जिवावर बेततो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. एकेक थर म्हणजे एकेक पायरी, आणि ओढा त्या पायऱ्यांवरून कड्याखाली उडी घेतो. माणूस मधल्याच एखाद्या टप्प्यावर अडकतो, ना वर जाता येत ना खाली. मोबाइलला रेंज नसते. गळ्यातली शिट्टी बरी.

जनावर दिसेलच असे नाही. गवा, अस्वल, बिबट्या या रानात आहेत, पण दिसली तर शेकरू दिसते, तेही आधी ओरडण्यातून कळते. अस्वल अवचित समोर आले तर घाबरून अंगावर येते. म्हणून दाट कारवीत दबक्या पावलांनी चालण्यापेक्षा बोलत चाललेले बरे. ढोल-स्पीकरवाल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. गवा वाटेत उभा असेल तर वाट त्याची. तो हलेपर्यंत थांबायचे. खरी दहशत धरावी ती आग्या मोहोळाची. कड्याच्या पोटाला पोळी लटकलेली असतात. धूर, विडी-सिगारेट, अत्तराचा भपका, यातले काहीही त्यांना उठवायला पुरते. अशी माशी उठली की उभ्या कड्यावर पळायला जागा नसते.

मोसमाच्या सुरुवातीला, जमीन ओली असताना, जळवा भेटतात. चावा दुखत नाही, त्यामुळे कळायच्या आत तिचे काम झालेले असते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याने ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ झिरपते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ओढून काढू नये; नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे आणि जागा धुवावी. पँटचे पाय मोज्यात खोचले की निम्मा त्रास वाचतो. हिवाळ्यात जळवा जातात आणि पाचोळा येतो. तो खालचे खड्डे झाकतो, शिवाय घोणस त्यात अशी मिसळते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. बसण्यापूर्वी काठीने जागा चाळवावी.

अशा वाटेला कठडे हवेत, पायऱ्या हव्यात, पावलोपावली फलक हवेत, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. ती मान्य होऊ नये. पायऱ्या झाल्या की त्यांच्यामागून दुकाने येतात, दुकानांमागून रात्रीचे दिवे, आणि गव्यांना खोरे सोडावे लागते. फाट्यावरची एखादी पाटी पुरे. चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात ती पद्धत मात्र सगळ्याच गडांवर आणायला हरकत नाही.

घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, जांघा, कानामागची जागा गोचिडांसाठी तपासावी. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. रानातून आल्यावर आठवडाभरात ताप आला, तर कुठल्या रानात गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.