दवाखाना मोबाइलवर, पण मोबाइल रेंजमध्ये?

डिजिटल आरोग्याची चर्चा निघाली की सगळे अ‍ॅपबद्दल बोलतात. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर फुकट भेटतो, ‘आभा’च्या १४ अंकी क्रमांकाला आपले रिपोर्ट जोडता येतात. चांगलंच आहे. पण आमच्या फोंड्यातून दाजीपूरकडे घाट चढू लागलात की रेंज जाते, आणि रेंजबरोबर डॉक्टरही जातो. म्हणून या विषयात मी डॉक्टरांच्या आधी एका इंजिनिअरचं नाव घेतो: प्रा. अभय करंदीकर.

आयआयटी मुंबईत जवळपास दोन दशकं त्यांनी कम्युनिकेशन नेटवर्क शिकवलं. त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम आपल्याच पालघर जिल्ह्यातलं. सरकारी फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. पाडे मात्र लांब, डोंगराआड. करंदीकरांच्या गटाने टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून इंटरनेट पुढे नेलं. या कमी वारंवारतेच्या लहरी झाडाझुडपांतून तुलनेने बऱ्या जातात आणि दूरवर पोचतात. पंचवीसेक गावांत हा प्रयोग झाला. ‘ग्राममार्ग’ नावाने त्याला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

त्याहून मोठी गोष्ट कागदावरची आहे. ५जी तंत्रज्ञान पारखताना जगाने ग्रामीण भागात दोन टॉवरमधलं अंतर सुमारे १.७ किलोमीटर आणि माणूस भरधाव गाडीत, असं धरलं होतं. आपल्याकडे इतक्या जवळ टॉवर कोण उभारणार? आणि शेतातला माणूस तर पायी चालतो. टीएसडीएसआय या भारतीय संस्थेने (करंदीकर तिचे संस्थापक सदस्य, पुढे अध्यक्ष) सहा किलोमीटर अंतर आणि संथ हालचाल ही कसोटी मांडली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती स्वीकारली. पुढे भारताच्या स्वतंत्र ५जी मानकावर खर्चाच्या कारणाने कंपन्यांनी नाकं मुरडली. तो वाद वेगळा. चालणारा माणूस हिशेबात आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

२०१८ मध्ये ते आयआयटी कानपूरचे संचालक झाले. कोरोनात तिथल्या पाठबळावर पुण्याच्या नोक्का रोबोटिक्सने व्हेंटिलेटर बनवला. त्याच संस्थेत वैद्यकशास्त्र आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणारी शाळाही आकाराला आली. सध्या ते दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव आहेत.

माझी एक तक्रार आहे. सहा किलोमीटरचा हिशेब सपाट मुलखात ठीक. कोकणात मधे एक टेकडी आली की संपलं! माझ्या खालाला शुगर आहे. पायाच्या जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा तर तिचा नातू फोन घेऊन रस्त्यापर्यंत जातो. अशा ठिकाणी व्हिडिओचा हट्ट कशाला? साधा आवाजी कॉल चालावा. शुगर-बीपीचे आकडे आशाताईंच्या फोनमध्ये साठावेत आणि रेंज मिळाली की आपोआप जावेत. आणि पलीकडचा डॉक्टर मराठीत बोलावा. ‘मुंग्या येतात’ म्हणजे काय, हे खालाने हिंदीत कसं सांगायचं?

पुढच्या ग्रामसभेत मी लेखी प्रश्न देणार आहे: आपल्या प्रत्येक वाडीत कुठे किती रेंज मिळते, हे कुणी मोजलंय का? नसेल, तर शाळेतली नववीची मुलं फोन घेऊन मोजायला तयार आहेत.