टाशाची संहिता

२००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. सुमारे २४० कोटी अक्षरांच्या या वाचनावर श्वानरोगांच्या शोधाची पुढची साधने उभी राहिली. त्याचा गौरव आम्हीही करतो. पण टाशाचीच निवड का झाली? मातेकडून आणि पित्याकडून आलेल्या तिच्या संहितांत भेद अत्यल्प, म्हणून वाचन सुकर! हा एकसारखेपणा निसर्गाचा नव्हे. ‘शुद्ध जाती’च्या हव्यासापायी पिढ्यान्‌पिढ्या निकटच्या नात्यात केलेल्या पैदाशीचा तो परिणाम. जी संशोधकांची सोय, तीच प्राण्याच्या आनुवंशिक रोगांचे मूळ. जनुकचाचणी हवीच, मात्र तिच्या प्रमाणपत्राने शुद्धतेचाच बाजार तेजीत येणार असेल, तर तिला उपचार म्हणण्यास आम्ही तयार नाही. चपट्या नाकाच्या पगला श्वास पुरत नाही, हे कळण्यास संहिता वाचावी लागत नाही.