चेंडू, डोके आणि मेहनत

फुटबॉलमध्ये हातपाय मोडतात, गुडघे कायमचे अधू होतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे आणि खेळाडू ती किंमत हसत मोजतो. मोडलेले हाड निदान दिसते, दुखते. परंतु या खेळाचे एक देणे असे आहे, की ते तारुण्यात जाणवत नाही आणि वसुलीला येते तेव्हा खेळ सोडून वीस-तीस वर्षे लोटलेली असतात. डोक्याने चेंडू मारण्याविषयी हे लिहितो आहे.

इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघाचा जेफ अ‍ॅस्टल हा नामांकित आघाडीपटू. डोक्याने गोल करण्यात त्याचा हातखंडा. 2002 साली, वयाच्या 59 व्या वर्षी तो वारला तेव्हा त्याची स्मृती पार गेली होती. हा त्याच्या धंद्यातूनच जडलेला रोग होय, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच वर्षी दिला. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ साचावी, तसा. पुढे 2014 साली त्याच्या मेंदूची फेरतपासणी झाली, तेव्हा मुष्टियोद्ध्यांत आढळणारा, वारंवारच्या आघातांचा विकार त्यात दिसला. 1966 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्लटन बंधू अशा पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले.

पाच-सहा नावांवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. म्हणूनच ग्लासगो विद्यापीठाचे 2019 सालचे संशोधन महत्त्वाचे. स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना 23,000 हून अधिक सामान्य माणसांशी केली, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाने मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट निघाले. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात कमीच होते. तेव्हा खेळालाच नावे ठेवण्याचे कारण नाही. 2021 साली याच संशोधकांनी जागेवार हिशेब मांडला. क्वचितच डोके लावणारा गोलरक्षक सामान्य माणसाच्याच पंगतीत बसला. बचावपटूंचे प्रमाण सुमारे पाचपट भरले. कार्यकारणाचा शेवटचा धागा शास्त्रज्ञ अजून जुळवीत आहेत. पण बोट कोणीकडे जाते, हे सांगायला नको.

जुना चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड होई, आताचा तसा नाही, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कोरड्या चेंडूचे वजन आजही 410 ते 450 ग्रॅमच आहे. तो पाणी पीत नाही हे खरे, पण वेगाने येतो!

गाणे-बजावणे शिकविणाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. शरीर झिजते ते मैफलीत नव्हे, मेहनतीत, हे आमच्या धंद्यात लहानपणीच कळते म्हणून. सारंगी वाजविणाऱ्याच्या नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे एका रात्रीच्या टाळ्यांचे नसतात. सामन्यात पोरगा पाच-दहा वेळा डोके लावील. सरावात मात्र ओळीत उभा राहून तेच पन्नास वेळा करील. आणि घट्टा दिसतो, ठणकतो, थांब म्हणतो. मेंदूला घट्टा पडत नाही. मुलाचा आवाज फुटू लागला, की शहाणा गुरू काही महिने तार सप्तकाला हात लावू देत नाही. त्याने कोणाचे गाणे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

बाहेर हे शहाणपण आले आहे. अमेरिकेत 2015 साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई झाली. स्कॉटलंडने 2020 साली बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून तो प्रकार काढला. इंग्लंडमध्ये तर 2021 पासून व्यावसायिकांनाही आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेडर मारण्याची शिफारस आहे.

गोव्याची गावे काय, कोल्हापूरच्या तालमी काय, या खेळावर जीव टाकणाऱ्या आहेत, आणि आमच्याही शहरात संध्याकाळी शाळांची मैदाने पोरांनी भरतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ओळीने उभे करून त्यांच्या डोक्यावर चेंडू उडविण्याचा सराव तेथील शिक्षकांनी या हंगामापासून बंद करावा. पायाचे काम शिकविण्यातच ती वर्षे पुरत नाहीत. मोठ्या मुलांच्या सरावाला आकडा ठरवावा आणि तो वहीत मांडावा. आठवड्यात किती वेळा, एवढे पालकांनी मैदानावर जाऊन विचारायला हरकत नाही. शिकवणीच्या फीविषयी आम्हांला विचारतात त्याहून हा प्रश्न अवघड नाही.