विहीर नासण्यापूर्वीं

कारखान्याचें पाणी शेतांत शिरलें म्हणजे पंचनामा होतो. पण पंचनाम्यानें विहीर निवळत नाहीं. महसूल खात्यांत उभा जन्म गेल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, बुडालेल्या पिकाचा आकडा मांडतां येतो, जमिनीखालच्या झऱ्याचा येत नाहीं.

राजस्थानांतील उदयपूरजवळच्या बिछडी गांवीं 1988 सालीं रंगास लागणाऱ्या 'एच ॲसिड'चा कारखाना पूर्वसंमतीवांचून सुरू झाला. रसायन निघालें सुमारें 375 टन. मागें उरला सुमारें 2,400 टन विषारी गाळ. तो उघड्यावर टाकला गेला, त्यांतील विष जमिनींत मुरलें, आणि विहिरींचें पाणी काळवंडून माणसांच्या, गुरांच्या वा शेताच्या कामाचें राहिलें नाहीं. गांवकरी खवळले, 1989 सालीं उत्पादन बंद पडलें. सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं ठरविलें कीं, घाण करणारानेंच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. तरी 37 कोटींहून अधिक रक्कम सव्याज भरण्याविषयीं 2011 सालीं त्याच न्यायालयास पुनः हुकूम द्यावा लागला! कारखाना चालला जेमतेम वर्षभर, दावा वीस वर्षांवर.

तेव्हां दंडाच्या गोष्टी ऐकून शेतकरी बंधूंनीं हुरळून जाऊं नये. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचें खरें बळ पंचविसाव्या कलमांत, म्हणजे उद्योग उभारण्यापूर्वीं घ्यावयाच्या संमतींत आहे. राज्य मंडळ ती नाकारूं शकतें, अथवा अटी घालूं शकतें. त्या अटींचें रजिस्टर मंडळानें ठेवावें व सांडपाण्याची झळ ज्यास पोंचते त्यास तें पाहूं द्यावें, असेंही त्याच कलमांत आहे. (कारकुनाची नजर अशा पोटकलमावरच जावयाची.) किती गांवांनीं तें रजिस्टर आजवर मागितलें असेल?

कारखाना नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. गांवच्या मुलांस काम पाहिजे. परंतु मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस निदान 30 दिवस आधीं निघावी लागते. तेवढ्या अवधींत गांवानें विहिरींची यादी करावी, खोली लिहावी, पाणी तपासून दाखला घ्यावा. 'पाणी मूळचेंच खारें होतें' हें उत्तर पुढें हटकून येतें. सुनावणींत घोषणा न देतां लेखी विचारावें: पाणी किती घेणार, किती सोडणार, गाळ कोठें नेणार, पावसाळ्यांत कुंड भरून वाहिलें तर काय? आणि अखेरीस इतिवृत्त स्थानिक भाषेंत वाचून दाखवावें, असा 2006 च्या अधिसूचनेचा नियम आहे. तें ऐकल्याखेरीज मंडपांतून कोणीं उठूं नये.